टपावरचं बिऱ्हाड

या गृहस्थांना जमीन चालत नाही. गवत कितीही मऊ असो, माळ कितीही सपाट असो, स्वारी खाली उतरायची नाही. मुक्काम कायम गाडीच्या टपावर. दिवसभर अंग चोरून, घडी होऊन, काळ्या आवरणाखाली पडून असतात. संध्याकाळी गाडी थांबली, पट्टे सोडले, की उठून बसतात, भिंती ताणतात, खिडक्या उघडतात आणि एक शिडी खाली सोडतात. भेटायचं असेल तर तुम्ही वर या! दुकानात त्यांचं नाव रूफटॉप टेंट. गावातली पोरं 'गाडीवरचं घर' म्हणतात, आणि मला ते जास्त पटतं.

तुम्ही त्याला घरी आणायच्या विचारात आहात असं कळलं, म्हणून ओळख जरा सविस्तर करून देतो. फोटोत तो छानच दिसतो: मागे डोंगर, वर चांदणं, आत पिवळा दिवा. फोटो खोटा नसतो, तो खरोखर इतका देखणा आहे. पण फोटो एका रात्रीचा असतो आणि संसार बारा महिन्यांचा, तेव्हा स्वभाव आधी माहीत असलेला बरा.

घराणं मूळचं युरोपातलं. इटलीत 1958 साली 'एअर-कॅम्पिंग' नावाचा टपावरचा तंबू बाजारात आला. ऑटोहोम ही कंपनी आपली वंशावळ तिथूनच सांगते. त्याच घरातली 'माज्जोलिना' अजून विकली जाते. तिला कडक कवच असतं आणि हँडल फिरवलं की झाकण आडवंच्या आडवं वर उचललं जातं. पुढे 1970च्या दशकात पूर्व जर्मनीत सॅक्सनीच्या गेरहार्ड म्युलर यांनी चक्क ट्राबांट गाडीसाठी असा तंबू केला. 26 अश्वशक्तीची ती चिमुकली गाडी डोक्यावर दोघांची झोपायची सोय घेऊन सुट्टीला निघायची. माझ्या मते या घराण्यातलं सगळ्यात धीराचं माणूस तेच. मोठ्या गाडीवर रुबाब कुणीही करील.

नाव मात्र त्याने आफ्रिकेत कमावलं. नामिबिया-बोट्स्वानात भाड्याने मिळणाऱ्या हायलक्स गाड्यांवर तो सर्रास दिसतो. तिथल्या काही अभयारण्यांतल्या तळांना कुंपण नसतं. रात्री खालून तरस जातात, कधी सिंहही. आपल्याकडे सिंह नसला तरी उंचावर झोपायचं शहाणपण जुनं आहे. जोंधळ्याच्या राखणीला शेतात चार मेढी रोवून माळा घालतात, ते याचंच चुलत घर. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश पुष्कळदा कळतही नाही. कोकणात त्यात लाल विंचवाची भर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार रूढ करेपर्यंत त्या विंचवाने किती घरं रडवली, हे तिकडची जुनी माणसं सांगतील. तेव्हा आमच्या या गृहस्थांनी जमीन सोडली त्याला निव्वळ नखरा म्हणता येत नाही.

वजनाचा विषय मात्र तो स्वतःहून काढत नाही. दोघांचा साधा कापडी तंबू 45-50 किलोंपासून सुरू होतो, चौघांचा 70च्या पुढे जातो, कडक कवचाचा मोठा असेल तर 90पर्यंतही भरतो. शिवाय त्याला बसायला आडव्या दांड्यांचं कॅरिअर लागतं, त्याचं वजन वेगळं. आणि गाडीच्या माहितीपुस्तिकेत कुठेतरी आत एका ओळीत लिहिलेलं असतं की टपावर इतक्याच किलोंचा भार ठेवावा. बऱ्याच एसयूव्हींना हा आकडा 50 ते 100च्या दरम्यान असतो. ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या तीन दारी जिम्नीला तर फक्त 30. त्याच्या प्रेमात पडण्याआधी ती ओळ शोधा. अनेकजण उलट करतात: तंबू आधी ठरतो, पैसे भरले जातात, आणि मग पुस्तिका ग्लव्ह बॉक्समधून बाहेर येते.

"अहो, पण 75 किलोच चालत असतील तर आत दोन माणसं झोपल्यावर टप खाली नाही का बसणार?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो आणि विचारायलाच हवा. पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीचा असतो. ब्रेक दाबला की वरचं वजन पुढे धावतं, वळणावर बाहेर ओढतं, खड्ड्यात आदळलं की क्षणभर दुपटी-तिपटीने जड होतं. गाडी उभी राहिली की हे सगळं थांबतं. भार सरळ खांबांतून खाली उतरतो आणि तोच टप त्याच्या कितीतरी पट वजन पेलतो. म्हणून हिशेब दोन करायचे. चालताना तंबू आणि कॅरिअर पुस्तिकेच्या आकड्यात बसले पाहिजेत. उभं राहिल्यावर त्यात माणसं आणि पांघरुणं मिळवायची, म्हणजे दोघांचे साधारण 200 किलो होतात, आणि तेवढं टपाला आणि कॅरिअरला झेपतं का हे त्यांच्या कंपनीकडून विचारून घ्यायचं. तीन दारी थारचं हार्डटॉप फायबरचं असतं. तिथे त्याला थेट टपावर बसवू नका, बॉडीला धरून वर आलेला लोखंडी सांगाडा लागतो. सांगाडा लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीलाही विचारून ठेवा, अपघातानंतर तो प्रश्न निघाला तर फार उशीर झालेला असतो.

प्रवासात त्याचं ऐकावं लागतं. इतका भार उंचावर गेला की गाडीची चालच बदलते. ताम्हिणीच्या वळणांवर ती पूर्वीपेक्षा जास्त कलते, ब्रेकला थोडं लांब अंतर घेते, हायवेवर वाऱ्याचा एक सततचा सूर ऐकू येतो, आणि ॲव्हरेज पडतं. घाई असलेल्या माणसाशी त्याचं कधीच जमायचं नाही. आणखी एक: नवा बसवल्यावर पहिल्या 50-100 किलोमीटरांनंतर थांबून, पाना घेऊन त्याचे नट तपासा. त्यानंतरही प्रत्येक खराब रस्त्यानंतर तपासा. नट ढिले व्हायला लागले तरी तो आवाज करीलच असं नाही.

उंचीचा त्याला अभिमान आहे आणि शहरात हा अभिमान महागात पडतो. थार मुळात साधारण 1.85 मीटर उंच. त्यावर कॅरिअर आणि घडी घातलेला तंबू चढला की सव्वादोन मीटरच्या घरात जाते. मॉलच्या तळघराच्या तोंडाशी लोंबणारी आडवी पट्टी बऱ्याच ठिकाणी 2.1 मीटरवर असते. तिथे त्याला बाहेर ठेवून तुम्ही आत जाऊ शकत नाही, कारण तुम्ही आणि तो आता एकच आहात. गुलमोहराच्या खाली आलेल्या फांद्या, लग्नाचे मंडप, सोसायटीच्या पार्किंगमधले पाण्याचे पाइप या सगळ्यांची उंची त्याच्यामुळे तुम्हाला पाठ होते.

भाऊ तिघे आहेत आणि तिघांची तऱ्हा वेगळी. थोरला कापडी. अर्धा टपावर, अर्धा हवेत पसरतो आणि हवेतल्या अर्ध्या भागाला शिडीचा टेकू लागतो. ऐसपैस, किमतीला हलका, लाखाच्या आत-बाहेर मिळतो. त्याच्या पुढच्या कडेखाली कापडाची खोली लावली की कपडे बदलायला, म्हातारीकोतारी माणसं झोपवायला खाली एक पडवी तयार होते. मोठ्या कुटुंबाचा हाच. पण त्याला आवरणं कष्टाचं. पहाटेच्या गारठ्यात बोटं आखडलेली असताना ते ताठ पीव्हीसीचं आवरण चारही बाजूंनी ओढून चेन लावायची, आणि शेवटची चार बोटं चेन कधीच सरळ जात नाही, कारण कुठल्यातरी कोपऱ्यातून उशीचं टोक बाहेर आलेलं असतं. आवरण काढून, उशी दाबून पुन्हा पहिल्यापासून.

मधला कडक कवचाचा. खटके काढले की गॅसच्या दांड्यांवर एका बाजूने वर उचलला जातो, मिनिटभरात तयार. वर सपाट असल्यामुळे त्याच्या डोक्यावर सोलर पॅनलही बसतं. रोज नव्या गावी मुक्काम असलेल्यांनी याच्याशीच सोयरीक करावी. पण तो अरुंद, दोघांपलीकडे तिसरा खपत नाही, आणि पायाकडे छत इतकं उतरतं की उठून बसायचं ते डोक्याकडच्याच बाजूला.

धाकट्याने दोघांचे गुण घेतले: कवच कडक, आणि उघडल्यावर बाजूला पसरणारा. कोरियाच्या आयकॅम्परने 2017 साली या तऱ्हेच्या स्कायकॅम्पसाठी किकस्टार्टरवर वर्गणी मागितली तेव्हा लोकांनी वीस लाख डॉलरांच्या वर पैसे दिले. चौघं झोपतात. दोघांचे गुण घेतले तसं दोघांचं वजनही घेतलं, आणि किमतीत तर थोरल्याला केव्हाच मागे टाकलं.

पाण्याशी त्याचं नातं नाजूक आहे, आणि आपल्या मुलखात राहायचं म्हणजे ते समजून घेतल्याशिवाय चालत नाही. चांगल्या तंबूचं कापड सुती आणि पॉलिएस्टर धाग्याचं मिश्र कॅनव्हास असतं, वजन चौरस मीटरला 280 ते 320 ग्रॅमच्या आसपास. नवा घरी आला की त्याला आधी न्हाऊ घालायचं. उघडून उभा करायचा, पाइपने चहूबाजूंनी भिजवायचा, उन्हात कडकडीत वाळवायचा, पुन्हा भिजवायचा. पहिल्या आंघोळीत शिवणीतून थेंब आत येतात आणि नवीन मालकाच्या पोटात गोळा येतो. घाबरू नका. सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि सुईने पाडलेली भोकं स्वतःच बुजवतो. दुसऱ्या-तिसऱ्या आंघोळीला आत हात फिरवून पाहा, शिवण कोरडी लागते. मला त्याची ही गोष्ट फार आवडते.

वरच्या पावसाळी कापडाची गोष्ट निराळी. तिथे दुकानदार 2000, 3000 असे मिलिमीटरचे आकडे सांगतो. त्याचा अर्थ एवढाच की त्या कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही. 3000 म्हणजे तीन मीटर. इगतपुरी-भंडारदऱ्याच्या आषाढासाठी 3000च्या खाली उतरू नका, आणि शिवणींना आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, ते बोट फिरवून बघा.

पण बाहेरच्या पावसापेक्षा त्याला आतलं पाणी जास्त सतावतं. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी सहज बाहेर पडतं. खिडक्या बंद करून झोपलात तर पहाटे छतातून थेंब ठिबकतात आणि लोक म्हणतात, तंबू गळतो. तो गळत नाही, गुदमरतो. समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघड्या ठेवा, थंडी असली तरी. गादीखालीही ओल धरते, कारण खालचा पत्रा गार आणि वरची गादी तुमच्या अंगाने तापलेली. त्यासाठी गुंतवळीसारखी एक जाड प्लास्टिकची जाळी मिळते. गादीखाली ती अंथरून हवा खेळू द्या. 

आणि ओला असताना त्याला मिटून ठेवू नका. निघताना पाऊस असेल तर इलाज नसतो, तसाच बांधावा लागतो. पण घरी पोचल्यावर एका दिवसात, फार तर दोन दिवसांत त्याला उघडलाच पाहिजे. एरवी समजूतदार असलेला हा गृहस्थ याबाबतीत क्षमा करत नाही. आठवड्याने उघडलात तर कुबट वास भसकन अंगावर येतो आणि कापडावर बुरशीचे काळे ठिपके दिसतात. वास उन्हाने जाईल, ठिपके जन्मभर राहतील.

म्हणून मग पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांमध्ये श्रावणातल्या एखाद्या उघडिपीच्या सकाळी पार्किंगमध्ये तो पंख पसरून उभा दिसतो. पाच मिनिटांत खाली पोरांची रांग. एकेकाने चपला काढून वर जायचं, खिडकीतून आईला हाक मारायची, उतरायचं आणि पुन्हा रांगेत लागायचं. चौथ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून विचारतात, "आत पंखा आहे का रे?" सेक्रेटरी पेपर काखेत मारून येतात, हे नियमात बसतं का यावर थोडा वेळ विचार करतात आणि मग हळूच विचारतात, "एकदा वर चढून बघू का?" मी तरी कुठल्या सेक्रेटरीला तो मोह आवरलेला पाहिला नाही.

शिडी ही त्याची अट आहे, आणि वाटाघाट होत नाही. शिडी साधारण सव्वादोन मीटर, पायऱ्या अरुंद, ॲल्युमिनियमच्या. अनवाणी उतरलात तर पायऱ्यांच्या कडा तळव्यात रुततात, दवाने निसरड्याही होतात. गुडघे दुखणारे वडील, रात्री दोनदा उठावं लागणारी आई, जवळ घेतल्याशिवाय न झोपणारा कुत्रा यांना तो वर घेत नाही असं नाही, पण प्रत्येक वेळी किंमत वसूल करतो. यातलं कुणी तुमच्या घरात असेल तर खाली खोली लावता येणारा थोरलाच पाहा, किंवा याचा नाद सोडून जमिनीवरचा साधा तंबू घ्या. त्यात कमीपणा काही नाही. आणि चढताना चपला-बूट खाली टाकू नका. दाराशी त्यांच्यासाठी पिशवी लटकवलेली असते. ज्या विंचवासाठी एवढे वर चढलो त्याला सकाळी बुटात भेटायला नको.

सपाटीबद्दल तो हट्टी आहे. जमिनीतला दगड, काटा, चिखल त्याला काही म्हणजे काही लागत नाही. पण गाडी एका बाजूला थोडी जरी कलली तरी रात्रभर तुम्हाला एकमेकांच्या अंगावर लोटत राहतो. गवंड्याची छोटी पाणसळ गाडीत ठेवा. खालच्या बाजूच्या चाकाखाली चपटा दगड घालून बुडबुडा मधे आणा, हँडब्रेक ओढा, आणि थोडा उतार राहिलाच तर डोकं वरच्या अंगाला करा. वारा असेल तर मधल्या भावाची बिजागरीची बाजू वाऱ्याकडे ठेवा. उघडं तोंड वाऱ्याकडे असेल तर कापडाची फडफड झोपू देणार नाही.

तो थोडा मत्सरीही आहे. एकदा पसरला की गाडी त्याची. सकाळी दूध आणायला, जवळचं देऊळ पाहायला गाडी काढायची म्हणालात तर आधी सगळं बिऱ्हाड मोडा. एका जागी चार-चार दिवस राहून आसपास हिंडायची ज्यांना आवड आहे, त्यांचे आणि याचे रोज खटके उडतात. पुढचा रस्ता धरून निघणारा प्रवासी मात्र त्याच्यावर जीव टाकतो.

कोकणात गेला की त्याला समुद्राची गाज हवी असते, थेट वाळूत जाऊन उभं राहायचं असतं. तेवढा हट्ट पुरवू नका. गाडी रुतते, भरतीचं पाणी थांबत नाही, किनाऱ्यावर गाडी नेल्याबद्दल कारवाई होते ती वेगळीच. आणि वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. वाळूखालची अंडी चाकाला दिसत नाहीत. त्यापेक्षा मागच्या माडाच्या वाडीत मालकाला विचारून जागा घ्या, विहिरीचं पाणी मिळतं, सकाळी चहाही मिळतो. गडावर आणि अभयारण्यात तर त्याला मुक्कामाला नेण्याचा विचारही नको. कुठेही गेलात तरी संध्याकाळी जागेच्या मालकाला रामराम घालून, परवानगी घेऊनच त्याला उभा करा. जमिनीला तो हात लावत नाही, पण जमीन कुणाची तरी असतेच.

तर असा आहे. तुम्ही अजून त्याच्यासाठी उत्सुक असाल तर विकत घेण्याआधी एका रात्रीपुरता भाड्याने आणा, तंबू लावलेल्या गाड्या आता भाड्याने मिळतात. रात्र शक्यतो पावसाची निवडा. बरोबर ज्यांना न्यायचं त्यांनाच न्या, आणि प्रत्येकाने पहाटे एकदा शिडी उतरून पुन्हा वर चढून पाहावं. सकाळी तो ओला असतानाच स्वतःच्या हाताने बांधा, कुणाची मदत न घेता. एवढं करून संध्याकाळी पुन्हा त्याचीच आठवण निघाली, तर मोजपट्टी घेऊन पार्किंगमध्ये जा आणि तुळईची उंची मोजून घ्या.